बाबांनी सोडलेला कागद

आधीच सांगते, इथे मी पहिल्यांदा लिहितेय आणि शेवटचंच. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचते ते निव्वळ हसायला. रिकाम्या फ्लॅटमधला पाळणा काय, आरशातली बाई काय... स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही चौघीजणी पोट धरून हसतो. मुलुंडच्या एका शाळेत मी चोवीस वर्षं ड्रॉइंग शिकवते. जे दिसतं ते काढायचं, एवढंच मला कळतं. कमेंटमध्ये "ताई, मगर असेल" असं ज्यांना लिहायचंय त्यांनी आत्ताच लिहून मोकळं व्हा. पवईत मगरी आहेत, मला माहितीय. बोर्ड लावलाय तिथे.

तर... माझे बाबा. वय अठ्ठ्याहत्तर. भांडुपला टेंभीपाड्यात चाळीतल्या एका खोलीत राहतात, एकटेच. मूळ गाव कणकवलीजवळ. मिलच्या डिझाइन खात्यात होते, साड्यांच्या काठांची फुलं-वेली हाताने रंगवायचे. मिल बंद पडल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आणि रोज सकाळी पवई तलाव. ऊन असो, पाऊस असो, घरात कोणी आजारी असो. लिंक रोडवर गणेश घाट सोडून थोडं पुढे गेलात की कठड्याला लागून एक उंबर आहे, त्याच्या उजवीकडे कठड्याचा एक खांब तुटलाय. त्या खांबाशी बाबांचं फोल्डिंग स्टूल. समोर काठाशी तीन काळे दगड, मग पाणी, पलीकडे झाडांची रांग, तिच्या मागे टेकड्या. वेळ सात ते नऊ, कारण तेव्हा ऊन उजवीकडून तिरकं येतं आणि पाणी उजळतं. रोज एक चित्र, शाळेच्या ड्रॉइंग वहीच्या पानाएवढं, वॉटरकलरमध्ये. मागे पेन्सिलीने तारीख. घरी आलं की कॉटखालच्या ट्रंकेत.

आमचं कधीच पटलं नाही, हेही सांगून टाकते. जे. पी. रोडच्या क्लासला जाऊन मी रंगवायला शिकले, बक्षिसं मिळवली, तरी माझं कुठलंही लँडस्केप दाखवलं की हा माणूस म्हणणार, "तुझं पाणी मेलेलं आहे." बस. पुढे एक शब्द नाही. आणि दुसरी गोष्ट मी अजून गिळलेली नाही. सात वर्षांपूर्वी आई गेली, सकाळी पावणेनऊला, त्याच खोलीत, माझ्या मांडीवर. आणि बाबा कुठे? तलावावर. बायको महिनाभर अंथरुणाला खिळलेली आणि नवरा पाणी रंगवतोय! सव्वानऊला धापा टाकत आले, तेही रिक्षाने. आयुष्यात कधी रिक्षात न बसणारा माणूस. दारात गर्दी होती, ती ढकलत आत आले आणि फक्त एवढंच विचारलं, "कोण?" काय झालं, कधी झालं, काही नाही. "कोण?" मला तेव्हा इतका राग आला होता की मी तोंड फिरवलं.

आता मुद्द्यावर येते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... वॉटरकलरमध्ये उजेड रंगवत नाहीत. उजेडासाठी कागद सोडतात. जिथे पाणी चमकतं तिथे ब्रश लावायचाच नाही, कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. आणि एकदा तिथे रंग गेला की गेला, तो पांढरा परत येत नाही. तर बाबांच्या चित्रात असा एक पांढरा तुकडा असायचा. उभा. लाटांवरच्या चमकेसारखा आडवा, तुटक नाही... सरळ उभा, कडा स्वच्छ कापलेल्या. आजूबाजूचं पाणी इतकं जिवंत की बोट लावलं तर ओलं होईल, आणि मधेच हा कोरा कागद. बघणारे वेडे व्हायचे. "काका, काय लाईट पकडलाय!" बाबा तोंड वाकडं करायचे. मला वाटायचं, भाव खातायत. एकदा मी सरळ विचारलं की हे काय आहे, कुठून येतो इथे एवढा उजेड? तर म्हणाले, "दिसतं तेवढं काढायचं. नाही दिसत ते सोडायचं." मी म्हटलं, झालं, म्हाताऱ्याला आता मोतीबिंदू झाला. डॉक्टरकडे नेलं. डोळे ठणठणीत.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, मुलुंडला हौशी चित्रकारांचं एक प्रदर्शन होतं. विषय होता पाणी आणि उजेड. मी बाबांना म्हटलं, एक चित्र द्या. नाही म्हणाले. का? तर नाही. मी दोन दिवसांनी त्यांच्यासाठी सुकट घेऊन गेले, ते नळावर असताना ट्रंक उघडली आणि सगळ्यात वरचं चित्र उचललं. हो, चोरलं. आणखी वाईट पुढे आहे.

घरी येऊन बघते तर त्या चित्रातला पांढरा तुकडा भलताच मोठा. अलीकडच्या काठाशी, तीन काळ्या दगडांच्या अगदी मागे, मधल्या बोटाएवढा उंच. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा उजेड नाही, हा आळस आहे. लोक वेडे म्हणून वाहवा करतात. माझं पाणी मेलेलं काय... थांबा, दाखवतेच आता. रविवारी सकाळी बसले आणि तो तुकडा भरला. दगडामागचं हिरवट पाणी, त्यात झाडाची सावली, वर उन्हाच्या दोन बारीक रेघा. इतकं बेमालूम झालं की मी स्वतःवरच खूश. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "पण तू बाबांना विचारलंस?" मी म्हटलं, त्यांना ओळखूसुद्धा येणार नाही.

त्याच संध्याकाळी प्रदर्शनाला बाबा आले. मीच बोलावलं होतं, तोंडावर सांगायचं होतं ना, की बघा, तुमचं अर्धवट राहिलेलं मी पूर्ण केलं. चित्रासमोर उभे राहिले. चार-पाच जण होते आजूबाजूला, चहाचे कप घेऊन. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्या कोणी भरल्यान?"

बाबा एरवी आमच्यासारखंच बोलतात. मालवणी आली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलंय. मी म्हटलं, "मी भरलं. अर्धवट दिसत होतं." तर या माणसाने भर हॉलमध्ये चित्र खिळ्यावरून खाली काढलं, अंगठा जिभेला लावला आणि तो भाग घासायला सुरुवात केली. घासतायत, घासतायत... लोक बघतायत. माझे शाळेतले सहकारी बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात धरला तर झटकला. म्हणाले, "काय केलंस गो तू ह्या! ता आता खय गेला?"

"काय कुठे गेलं?"

चित्र बगलेत मारलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी त्यांच्या मागे तलावावर गेले. भांडणच करायचं होतं, खोटं कशाला बोलू? साडेसात वाजलेले. कठड्याच्या कडेने सकाळी चालणारे लोक, कानात गाणी, हातात पाण्याच्या बाटल्या. बाबा स्टुलावर बसले नव्हते. उंबराखाली उभे राहून काठ नजरेने चाळत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा परत. घरात किल्ली हरवली की आपण बघतो तसं, त्याच त्याच जागी. तीन दगडांकडे बोट दाखवून म्हणाले, "परवापर्यंत हय होता. दगडामागे."

मी बघितलं. दगड, पाणी, जलपर्णी, एक बगळा. स्वच्छ ऊन. मी म्हटलं, "बाबा, काहीही नाहीये तिथे."

"तेच सांगतोय तुला," ते ओरडले. "काही नाही असं फक्त तिथेच होतं! बाकी सगळीकडे काहीतरी असतं. काळोख तरी असतो. तिथे उजेड नाही, काळोख नाही, पाणीसुद्धा नाही. नजर जायची आणि काही नाही. आता सगळीकडे पाणीच पाणी दिसतंय."

मला खरंच वाटलं की बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. वय झालं, एकटे राहतात. मी तसं बोलूनही दाखवलं. माझ्या तोंडाला लगाम नाही, सगळे सांगतात. ते सरळ जाऊन रिक्षात बसले. आयुष्यात दुसऱ्यांदा.

त्या दिवसापासून त्यांनी तलाव सोडला. खोलीत खुर्ची टाकून बसायचे, दाराकडे तोंड करून. आणि मला फोन! दिवसातून दहा-दहा वेळा. "तू बरी आसस ना गो?" एवढंच. वर्गात, बसमध्ये, बाजारात. ज्या बापाने चोवीस वर्षांत माझ्या नोकरीची चौकशी केली नाही तो विचारतोय, बरी आहेस ना. आठव्या दिवशी माझा संयम संपला. भांडुपला गेले आणि म्हटलं, आज काय ते सांगा नाहीतर मी फोन उचलणार नाही.

बाबा उठले, ट्रंक ओढली आणि म्हणाले, "तारखेप्रमाणे लाव."

सगळी नाही लावली, खोलीत मावलीच नसती. महिन्याला एक अशी घेतली आणि लाद्यांवर ओळीने मांडत गेले. जुन्या चित्रांत पांढरा तुकडा नाहीच. मग एका वर्षी पलीकडच्या काठावर, झाडांच्या मुळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा. पुढच्या चित्रात तोच, किंचित मोठा आणि किंचित खाली. पुढच्यात आणखी. सहावीच्या मुलांना मी दर वर्षी शिकवते की लांबची वस्तू लहान आणि कागदावर वर असते, जवळची मोठी आणि खाली. मला कोणी सांगायची गरज नव्हती. ते पाण्यावरून इकडे येत होतं.

गुडघ्यावर रांगत मी मांडत गेले. वाटाण्याएवढं. शेंगदाण्याएवढं. मग तीन दगडांच्या मागे. आणि मग बाबांनी ट्रंकेतून एक कागद वेगळा काढून माझ्या हातात दिला. अर्धवट चित्र. आकाश रंगवलेलंच नाही. पण पाणी पूर्ण, काठापासून काठापर्यंत, एक कण कागद कोरा नाही. मागे तारीख बघितली. आई गेली तो दिवस.

"त्या दिवशी ते तिथे नव्हतं," बाबा म्हणाले. "पाणी रंगवून झालं तेव्हा लक्षात आलं. तसाच उठलो."

"कोण?" असं का विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी लादीवर बसून राहिले. सात वर्षं मी त्या एका शब्दासाठी या माणसाचा द्वेष केला होता.

आई गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यातलं चित्र... तांदळाचा दाणा, पलीकडच्या काठावर. तिथून पुन्हा सुरू. आणि सात वर्षं ते पुन्हा येत होतं. बाबा रोज जायचे ते चित्र काढायला नाही. कुठपर्यंत आलं ते बघायला जायचे. जिथे असेल तिथे कागद सोडायचा, म्हणजे ते कुठे आहे ते कळतं. आणि मी, बक्षिसं मिळवलेली मूर्ख बाई, ती जागाच भरून टाकली. आणि तेही ते दगडांपर्यंत आल्यावर.

मी म्हटलं, मी काढते तो रंग. वॉटरकलर ओल्या ब्रशने थोडाफार उचलता येतो, निदान फिकट होतो. तासभर बसले. शेजारचं पाणी निघालं, दगड निघाला, सावली निघाली. तो तुकडा हलला नाही. शेवटी कागद फाटून भोक पडलं, तरी भोकाच्या कडेला माझा हिरवा रंग जसाच्या तसा.

बाबांनी स्वतः प्रयत्न केला होता. जिना काढला, गल्ली काढली, खोली काढली. सगळं भरलेलं, कुठे काही सुटत नव्हतं. मला म्हणाले, "माका आता दिसना नाय. तू भरलंस. आता तुझ्या हातात आसा." आणि ट्रंकेवर आरसा उभा केला, माझ्यासमोर रंग ठेवले. "स्वतःला काढ. मागची खोली पण काढ. विचार करू नको, दिसतं तेवढंच काढ."

मी काढलं. रडत काढलं, ते वेगळं. बाबांनी तो कागद दाराशी नेला, उजेडात धरला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवून बघितला. पाच मिनिटं तरी बघत होते. मग म्हणाले, "बरं." आणि जाऊन खुर्चीत बसले. "आता मला काढ."

दुपारचे बारा वाजले होते. दार उघडं, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, शेजारच्या वहिनींच्या कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी बाबांना काढलं, बनियन, लुंगी, खुर्ची, लाद्या. चेहरा खूप चांगला उतरला होता. माझं पाणी मेलेलं असेल, माणसं जिवंत असतात. काढून झाल्यावर मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. खरंच गेल्या, माझ्या डोळ्यांसमोर.

"गावला," ते म्हणाले. म्हणजे सापडला.

खुर्चीच्या मागे, भिंतीला लागून, एक उभा पांढरा तुकडा सुटला होता. मी कधी सोडला, मला माहीत नाही. मी पटकन म्हटलं, "तो उजेड आहे, बाबा. खिडकीतून आलाय."

"खिडकी खय आसा?"

त्या भिंतीला खिडकी नाही. कधीच नव्हती, मी त्याच खोलीत लहानाची मोठी झाले. मी मागे वळून भिंतीकडे बघितलं. भिंत होती. कॅलेंडर होतं, आईचा फोटो होता. चित्रात तेवढाच भाग कोरा.

बाबा हसले. आईच्या नंतर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "तुझ्याकडे नाय. बरा झाला," म्हणाले आणि मला जेवायला वाढायला सांगितलं. बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा भात घेतला त्यांनी.

याला आता चार महिने झाले. मी एका डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता. ते म्हणाले, दुःखातून असं होतं, वडील-मुलगी दोघांनाही होऊ शकतं. असेल. मग ट्रंकेतली दहा वर्षांपूर्वीची चित्रं कोणाच्या दुःखातून आली, तेव्हा तर आई चांगली हिंडत-फिरत होती. मी त्याच खोलीचे मोबाइलवर फोटो काढलेत, भिंत दिसते, कॅलेंडर दिसतं. रंग घेऊन बसले की तेवढा कागद सुटतो. का सुटतो, मला सांगता येणार नाही. बाबांना म्हटलं, माझ्या घरी चला, गावी चला, कुठेही चला. ते म्हणाले, हलवू नको, पुन्हा हरवेल आणि मग कोणाकडे गेलं ते कळायचं नाही.

म्हणून मी रोज शाळा सुटली की भांडुपला जाते आणि त्यांना काढते. मिलिंद खूश आहे, म्हणतो बाप-लेकीचं जमलं एकदाचं. चाळीतल्या बायका डोकावतात आणि म्हणतात, काय छान उजेड पाडलाय हो मागे. इथे कोणी तसं लिहिलं तर सरळ ब्लॉक करीन. पहिल्या दिवशी खुर्चीच्या आणि त्या तुकड्याच्या मधे सहा लाद्या होत्या. बाबा रोज चित्रातल्या लाद्या बोटाने मोजतात आणि कागद परत देतात.

भरून टाकावं असं रोज वाटतं. हातात ब्रश असतो, रंग ओला असतो, दोन फटकाऱ्यांचं काम. आज दोन लाद्या राहिल्यात. मी तेवढा कागद सोडला, मागे तारीख टाकली आणि बाबांना विचारलं, चहा टाकू का.